नऊ नाड्या

माझ्या खणात बुटाच्या नऊ नाड्या आहेत.
होत्या दहा. पाच जोड.
पांढऱ्या, म्हणजे मैदानाच्या रंगाच्या झालेल्या.
हिरवी एक गेली, ते पुढे सांगतो.

झाशीवाल्यांना तीन-एकनं हरवलं त्या रात्री
आमच्या पोरांनी होस्टेलच्या फाटकावर
पेंगणाऱ्या रामसनेहीचे पाय
खुर्चीला बांधले.
दुहेरी गाठ. मीच शिकवलेली,
ऐन सामन्यात सुटू नये म्हणून.
मग घंटा बडवली.

तो उठला तसाच पडला.
मनगट मोडलं, चष्म्याची एक काच गेली,
आणि अकरा सेकंद कुणीतरी हसत राहिलं.
मोबाइलवर मी ते तीनदा पाहिलं,
तिसऱ्यांदा आवाज बंद करून.
तरी ऐकू आलं.

सकाळी धुकं इतकं की किल्ला नव्हताच.
कंपूच्या मैदानावर चुन्याची रेघ
अर्ध्यात जाऊन विरत होती.
मी म्हटलं, ज्यांचे हात होते त्यांनी नाड्या काढा.
वाटलं, कुणी हलणार नाही.
आधी कप्तान वाकला, सुजय महाडीक.
मग देवेंद्र तोमर, नदीम, धाकटा आंग्रे.
गोलकीपर शितोळे म्हणाला,
सर, मी फक्त व्हिडिओ काढला.
म्हटलं, तुझ्या दोन्ही काढ.
सगळ्यांच्याच दोन्ही काढायच्या होत्या खरं तर,
पण तेव्हा सुचलं ते बोललो.

प्राचार्य म्हणाले, उपांत्य सामना आहे हो,
शिक्षा काय, सोमवारीही देता येते.
तोमरच्या वडिलांचा मुरारहून फोन, बच्चे हैं मास्साब.
वीस वर्षांचे बच्चे. मीही होतो एकदा.
पंचाची सायकल आम्ही स्वर्णरेखेच्या नाल्यात टाकली होती,
तो चालत घरी गेला, आणि आम्ही जिलबी खाल्ली.
माझ्या नाड्या कुणी काढल्या नाहीत.
त्याचं पुढे काय झालं
ते माझ्या बायकोला विचारा. ती आता उज्जैनला असते.

नियम सांगतो, सात असले तरी सामना होतो.
आमचे आठ होते, त्यातला एक तापातून उठलेला.
सहा गोल खाल्ले. सातवा खांबाला लागून परतला,
तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, इतकं झालं होतं.

पाचही जण गोलमागे, चेंडू आणून द्यायला.
बिननाडीचा बूट पळू देत नाही,
बोटं आवळून चालावं लागतं, म्हाताऱ्यासारखं.
महाडीकचा एक उडाला,
तो मोज्यावरच भिंतीपर्यंत गेला आणि आला.
प्रेक्षकांत कुणीतरी हसलं.
किती सेकंद, मी मोजलं नाही.

रामसनेही आला होता, हात गळ्यात अडकवलेला.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शेवटपर्यंत पाहिलं त्यानं.
शिट्टी झाली, लोक उठले.
तो उठला नाही लगेच.
आधी खाली वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं,
दोन्ही हलवून पाहिले,
मग उठला.

महाडीकनंही ते पाहिलं.
त्याला पाहताना मी पाहिलं.
आम्ही दोघं काही बोललो नाही,
बोलण्यासारखं मला सुचतही नाही पटकन.

त्यानंतर?
दोघांनी नया बाजारातून नव्या नाड्या आणल्या, तीस रुपये जोड.
आंग्रेनं खेळ सोडला, त्याच्या आईनं मला अजून माफ केलेलं नाही.
नदीम महिनाभर रात्री फाटकावर बसायचा,
मी सांगितलं नव्हतं. दोघं रेडिओ ऐकत.
माफी मागितली का, ठाऊक नाही.
आणि रामसनेही एकदा माझ्या खोलीत येऊन म्हणाला,
सर, एक डोरी मिलेगी?
हिरवी दिली.
रात्री दहानंतर तो तिनं घंटेचा लोलक बांधून ठेवतो.

जुलैत नवी पोरं येतील.
पहिल्या दिवशी मी गुडघ्यावर बसेन, गुडघा कटकन वाजेल,
आणि त्यांना नाडी बांधायला शिकवेन.
तीच दुहेरी गाठ.
दुसरी मला येत नाही.